भिंतीला लागलेली गाडी परत ट्रॅकवर येता कामा नये: एफआयए आणि स्पा सर्किटला खुलं पत्र

मोटर रेसिंगची जागतिक संघटना असलेल्या एफआयएच्या सेफ्टी विभागातल्या मंडळींना, बेल्जियमच्या स्पा-फ्रँकोरशाँ सर्किटच्या मॅनेजमेंटला आणि तिथे फॉर्म्युला १ (एफ१) च्या खालच्या ज्युनियर सिरीजच्या रेस भरवणाऱ्या सगळ्यांना,

नमस्कार.

तुमच्या ७.००४ किलोमीटरच्या सर्किटवरच्या एका छोट्याशा तुकड्याबद्दल लिहितोय. ला सूर्सच्या हेअरपिनमधून बाहेर पडलं की जुन्या पिट्सच्या कडेने उतार लागतो, खाली ओढ्यापाशी डावीकडे एक झटका, लगेच उजवीकडे वळत अंगावर येणारा चढ, आणि चढाच्या माथ्यावर परत डावीकडे, की पुढे केमेलचा लांबलचक सरळ रस्ता. सगळे सरसकट ह्याला ओ रूज म्हणतात पण खरं तर ओ रूज म्हणजे खालचं ते ओढ्यापाशचं वळण, वरचा चढ म्हणजे रेडियॉन. माझं पत्र रेडियॉनचा माथा आणि तिथून पुढे केमेलची सुरुवात, बस एवढ्यापुरतंच आहे.

आधीच सांगतो, हे वळण काढून टाका असं मी म्हणत नाहीये. मला ते जिवापाड आवडतं. खालून वर जाताना गाडी आधी जमिनीत दाबली जाते आणि माथ्यावर एकदम हलकी होते, ड्रायव्हरला वर गेल्याशिवाय पलीकडचं काहीच दिसत नाही, आणि तरी तो पाय काढत नाही, हे बघून इतक्या वर्षांनंतरही माझा श्वास अडकतो. पण ते "पलीकडचं काहीच दिसत नाही" हेच आता मला रात्री आठवतं. माझं एकच म्हणणं आहे, भिंतीला लागलेली गाडी परत ट्रॅकवर किंवा मागच्यांच्या वाटेत येऊ नये, आणि आलीच तर मागून येणाऱ्याला ती डोळ्यांनी दिसायच्या आधी कळलं पाहिजे. बाकी सगळं ह्या दोन गोष्टींच्या पोटात येतं.

३१ ऑगस्ट २०१९. शनिवार, फॉर्म्युला २ ची रेस, दुसरा लॅप. पुढे एका गाडीचा कंट्रोल सुटला, मागचे इकडे तिकडे वाट काढायला लागले आणि त्यात आंत्वान ह्यूबर बॅरियरवर गेला. तेवढंच झालं असतं तर कदाचित तो उतरून चालत आला असता. पण गाडी बॅरियरवरून उसळून परत रन-ऑफमध्ये, म्हणजे ट्रॅक आणि बॅरियर ह्यांच्यामधल्या मोकळ्या जागेत आली आणि आडवी झाली, आणि मागून आलेल्या हुआन मॅन्युएल कोरेआची गाडी तिच्या कुशीत घुसली. तुमच्याच चौकशीत तो वेग ताशी २१८ किलोमीटर निघाला. आंत्वान २२ वर्षांचा होता, आदल्याच वर्षी जीपी३ चा चॅम्पियन झालेला. कोरेआ कोमात गेला, त्याच्या पायावर सतरा तासांचं ऑपरेशन झालं. तो २०२१ मध्ये रेसिंगला परत आला हे मी अजून नीट पचवू शकलेलो नाही, कसलं धैर्य म्हणायचं हे.

मग १ जुलै २०२३. परत शनिवार. फॉर्म्युला रीजनल युरोपियनची रेस, तुफान पाऊस, सगळ्यांना हळू ठेवायला पुढे चालणारी सेफ्टी कार आत गेली, रेस संपत आलेली, आणि रेडियॉन ओलांडून केमेलवर डिलानो व्हॅन्ट हॉफची गाडी फिरली. कडेच्या भिंतीवर आपटून ट्रॅकवर आली. मागून येणाऱ्यांना पाण्याच्या फवाऱ्याशिवाय काही दिसत नव्हतं आणि परत तेच, कुशीत धडक. तो १८ वर्षांचा होता.

हे दोन्ही अपघात एकसारखे नाहीत हे मला माहितीये. एक कोरड्यात, एक पावसात, एक कॉर्नरच्या रन-ऑफमध्ये, दुसरा पुढे सरळ रस्त्यावर. पण दोन्हीकडे पहिल्या आपटण्याने माणूस गेला नाही असंच दिसतं, जीव गेला तो दुसऱ्या धडकेने. आणि सिंगल सीटर (एकाच माणसाची, उघड्या चाकांची) गाडी पुढून आणि मागून जेवढं झेलू शकते तेवढं बाजूने नाही झेलू शकत, तिथे चुरगळायला फारशी जागा नसते, ड्रायव्हरचं शरीर आणि समोरच्या गाडीचं नाक ह्यांच्यात काही इंचांचाच मामला असतो. २०१८ पासून हेलो, म्हणजे ड्रायव्हरच्या डोक्याभोवतीचं ते धातूचं कडं आलं, डोकं वाचायला लागलं, त्याबद्दल तुमचे जेवढे आभार मानावे तेवढे कमीच. पण दोनशेच्या वर वेगाने आडव्या गाडीला सरळ गाडी लागली तर हेलो काय करणार आणि कार्बनचा सांगाडा तरी किती सहन करणार. म्हणून ती दुसरी धडक होऊच द्यायची नाही, ह्याशिवाय दुसरा मार्ग मला तरी दिसत नाही.

आणि जे मेले नाहीत त्यांचं पण धरा ना. २०२१ चं एकच वर्ष घ्या. जुलैच्या शेवटी २४ तासांच्या रेसमध्ये जॅक एटकेन तिथेच आपटून परत वाटेत आला, मागच्या गाड्या त्याच्यावर गेल्या, कॉलरबोन आणि मणका मोडला. महिन्याभरात डब्ल्यू सिरीजच्या क्वालिफायिंगमध्ये सहा गाड्या एकापाठोपाठ एक त्याच जागी गोळा झाल्या, पहिली आपटली, दुसरी आपटली, आणि नंतरच्यांना कळेपर्यंत उशीर झालेला. दुसऱ्या दिवशी एफ१ क्वालिफायिंगमध्ये पावसात लॅन्डो नॉरिस. त्याच्या थोडंच आधी सेबॅस्टियन व्हेटेल रेडिओवर रेड फ्लॅग करा, म्हणजे सेशन थांबवा म्हणून सांगत होता. नॉरिसची गाडी फिरत फिरत थांबली आणि व्हेटेल तिच्याजवळ जाऊन गाडी हळू करून विचारतोय बरा आहेस का, ते दृश्य मी विसरणार नाही. पाच आठवड्यांच्या आत हे तीन प्रसंग. जुन्यात गेलो तर १ सप्टेंबर १९८५, स्टेफान बेलोफ, पोर्श ९५६, जॅकी इक्सला ओ रूजमध्ये गाठायला गेला आणि संपला. ते वेगळं, तेव्हा रन-ऑफच नव्हतं म्हणा. पण जागा तीच.

तुम्ही काही केलं नाही असं म्हणालो तर ते खोटं ठरेल. २०२० मध्ये तुम्ही ८ कोटी युरोंचा दहा वर्षांचा प्लॅन जाहीर केलात, २०२२ च्या सीझनआधी रेडियॉनच्या बाजूचं रन-ऑफ वाढवलंत, बॅरियर मागे नेले, कॉर्नर्सना परत ग्रॅव्हल आणलं, टेकडीवरचं ते जुनं शॅले पाडून नवीन स्टँड बांधलात. खर्च झाला, मेहनत झाली, आणि कॉर्नर आधीपेक्षा नक्कीच सुरक्षित झाला. पण काम कॉर्नरचं झालं आणि पुढच्याच वर्षी अपघात कॉर्नरच्या पुढे जाऊन झाला. रेडियॉनवर गाडी जराशी हलली की तिचा परिणाम माथ्यावर दिसतोच असं नाही, ड्रायव्हर सावरायला बघतो, गाडी सरळ रस्त्यावर येते आणि मग सुटते. म्हणजे केमेलची सुरुवात हा नकाशावर सरळ रस्ता असला तरी धोक्याच्या हिशोबात तो रेडियॉनचाच भाग आहे. आणि तिथे भिंत ट्रॅकला फार जवळ आहे, कारण सरळ रस्त्याच्या कडेला कोण कशाला मोठं रन-ऑफ ठेवेल. नेमकी ही गोष्ट बदलायला हवी.

आता बॅरियरचं. मी जेवढं वाचलंय समजून घेतलंय त्यावरून एवढं कळतं की "चांगला बॅरियर" अशी एकच वस्तू नसते. गाडी तिरपी, लहान कोनात लागत असेल तर गुळगुळीत सलग भिंत बरी, गाडी तिला घासत जाते आणि घासता घासता वेग टाकते. गाडी मोठ्या कोनात, तोंडावर लागणार असेल तर ऊर्जा शोषणारं काहीतरी पाहिजे, टेकप्रोचे ब्लॉक किंवा टायर. पण टायर हे शेवटी रबर आहे, घेतलेलं थोडं तरी परत देतं, गाडी उडवून लावतं. आणि मऊ बॅरियर चुकीच्या जागी लावला तर गाडी त्यात रुतते किंवा खाली शिरते, २०१५ मध्ये सोचीला कार्लोस साइन्झ टेकप्रोच्या खाली गेला होता ते आठवत असेलच. म्हणून माझी मागणी अशी नाही की अमुक कंपनीचे ब्लॉक आणून ठेवा. मागणी अशी आहे की माथ्यापासून केमेलच्या पहिल्या काहीशे मीटरपर्यंत दोन्ही बाजूंचा प्रत्येक तुकडा घ्या, इथे गाडी कुठल्या कोनातून किती वेगाने येईल, कोरड्यात आणि पावसात, आणि लागल्यानंतर ती कुठे जाऊन थांबेल, ह्याचं सिम्युलेशन करा, आणि शेवटच्या प्रश्नाचं उत्तर "ट्रॅकवर" किंवा "मागच्यांच्या वाटेत" असं येईल तिथली भिंत हलवा, तिचा कोन बदला, नाहीतर मागे जागा करून द्या. तुमच्याकडे हे करायची साधनं आहेत, माणसं आहेत. बहुतेक काही केलंही असेल. मग ते लोकांसमोर ठेवा. ह्यूबरच्या चौकशीचा सारांश तुम्ही प्रसिद्ध केला होतात, ते फार चांगलं केलंत, त्यातून आमच्यासारख्या बाहेरच्यांनाही कळलं की मार्शल (ट्रॅकच्या कडेला झेंडे घेऊन उभी असणारी माणसं) आणि रेस कंट्रोल किती पटकन हलले होते.

आणि तिथेच माझा दुसरा मुद्दा आहे. सगळे पटकन हलले आणि तरी वेळ पुरला नाही! ताशी अडीचशेने जाणारी गाडी एका सेकंदात जवळजवळ ७० मीटर कापते. मार्शलने बघायचं, त्याच्या डोक्यात शिरायचं, हात हलायचा, झेंडा किंवा लाइट लागायचा, मग ड्रायव्हरला तो दिसायचा, मग त्याचा पाय हलायचा. जगातला सगळ्यात चपळ मार्शल उभा केलात तरी ह्या साखळीत दोन सेकंद जातातच, म्हणजे १४० मीटर, आणि रेडियॉनला तेवढ्यात खालचा माणूस वर येऊन धडकलेला असतो. उन्हापावसात तासन्तास उभं राहणाऱ्या, बऱ्याचदा हौसेने फुकट येणाऱ्या त्या मार्शल लोकांवर हे ओझं टाकणं मला अन्यायाचं वाटतं, कारण ते माणसाच्या आवाक्यातलंच काम नाही.

ते मशीनचं काम आहे. आज गाड्यांत सेन्सर असतात, एफ१ मध्ये तर मोठा धक्का बसला की मेडिकल वॉर्निंग लाइट आपोआप लागतो, म्हणजे गाडीला स्वतःला कळतं की आपण आपटलोय. मग त्या तुकड्यात गाडी फिरली, आडवी झाली किंवा एकदम वेग पडला की त्याच क्षणी खाली ओ रूजपाशी दोन्ही बाजूंना लाइट लागावा, माणसाने बटण दाबायची वाट न बघता, आणि तोच लाइट मागच्या गाड्यांच्या कॉकपिटमध्ये ड्रायव्हरच्या नाकासमोर लागावा. चुकून लागला तर लागू दे. एखाद्याचा क्वालिफायिंग लॅप वाया जाईल, चिडेल, रात्री विसरेल. आणि हे एफ१ आणि मोठ्या जीटी रेससाठीच नको, वीकेंडला तिथे उतरणाऱ्या प्रत्येक सिरीजला ही अट घाला, सिस्टीम नसेल तर ह्या सर्किटवर परवानगी नाही. ह्यूबर आणि व्हॅन्ट हॉफ दोघेही ज्युनियर रेसमध्ये गेले. तिथे बऱ्याचदा १७-१८ वर्षांची पोरं, अनुभव सगळ्यात कमी, बजेट सगळ्यात कमी, ग्रिडवर गाड्या जास्त आणि सगळ्या एकाच वेगाच्या त्यामुळे घोळक्याने पळणाऱ्या. धोका तिथे सगळ्यात जास्त आणि उपकरणं सगळ्यात शेवटी पोचतात. हे उलटं झालं पाहिजे.

पावसाबद्दल बोलल्याशिवाय राहवत नाही. आर्डेनच्या जंगलातला पाऊस, अर्धा ट्रॅक ओला आणि अर्धा कोरडा हे तिथे नेहमीचंच. २०२१ ची बेल्जियन ग्रां प्री सेफ्टी कारच्या मागे तीन लॅप आणि अर्धे पॉइंट अशी संपली तेव्हा लोक भडकले, पावसात उभं राहिलेल्या प्रेक्षकांसाठी मलाही वाईट वाटलं. २०२५ ला तुम्ही स्टार्ट ८० मिनिटं पुढे ढकललात तेव्हाही कुरकुर झाली, ट्रॅक तर कधीचा वाळला, एवढी काय भीती वगैरे. मी तेव्हा पूर्ण तुमच्या बाजूने होतो आणि आजही आहे. ट्रॅकवर पाणी किती हा एक प्रश्न झाला, पण समोरचं दिसतंय का हा त्याहून मोठा प्रश्न आहे. पाण्यात गाडी चालवणं हे कौशल्य आहे, आंधळेपणाने चालवण्यात कसलं कौशल्य? फवाऱ्यात समजा तीस मीटरवरचं दिसतंय आणि गाडी दोनशेने जातेय, तर दिसल्यापासून धडकेपर्यंत अर्धा सेकंद मिळतो, त्यात पाय ब्रेकपर्यंत पण जात नाही. तुम्ही २०२३ मध्ये सिल्व्हरस्टोनला आणि २०२४ मध्ये फियोरानोला चाकांवर कव्हर लावून टेस्ट केल्यात, फवारा हवा तेवढा कमी झाला नाही, कारण पाणी नुसतं टायरमधून उडत नाही, गाडीच्या तळाचा मागचा भाग, डिफ्युझर, तोही ते खालून ओढून मागे फेकतो. प्रयत्न चालू ठेवा. पण उपाय सापडेपर्यंत निदान नियम तरी ठरवा.

म्हणजे काय, तर पावसात रीस्टार्ट द्यायचा की नाही हे ठरवताना फक्त सेफ्टी कारच्या ड्रायव्हरच्या सांगण्यावर जाऊ नका, तो सगळ्यांच्या पुढे असतो, त्याच्यासमोर फवारा नसतोच. दहाव्या-पंधराव्या नंबरवरच्या गाडीला काय दिसतंय ते विचारा, ऑनबोर्ड कॅमेरा बघा, मागच्यांचं मत धरा. आणि एफ१ साठी रविवारी दुपारी जी काळजी २०२५ मध्ये घेतलीत, तीच शनिवारी सकाळी पोरांच्या रेसला. दृश्यमानता इतकी असेल तर रेस, नसेल तर नाही, सगळ्या सिरीजला एकच रेष. टाइमटेबल भरगच्च असतं, पुढची रेस वाट बघत असते, टीव्हीचा स्लॉट असतो, हे सगळं मला कळतं, पण राहिलेल्या दोन-चार लॅपसाठी तिथे रीस्टार्ट द्यायची काय गरज असते हे मला कधीच कोणी पटवून देऊ शकलेलं नाही.

आता "स्पाचा आत्मा जाईल" म्हणणाऱ्यांबद्दल, कारण तुमच्या टेबलावर त्यांचीही पत्रं येत असणार. १९६६ ला त्याच स्पामध्ये, जुन्या १४ किलोमीटरच्या रस्त्यावर, जॅकी स्टुअर्ट पहिल्याच लॅपला पावसात बाहेर गेला, पेट्रोलने भिजलेल्या गाडीत अडकून पडला, ग्रॅहम हिल आणि बॉब बाँडुरंट ह्या दुसऱ्या ड्रायव्हर्सनी थांबून त्याला बाहेर काढलं, तेही प्रेक्षकाकडून पाना मागून घेऊन. त्यानंतर तो सेफ्टीसाठी भांडला तर लोक त्याला भित्रा म्हणाले. १९६९ ला ड्रायव्हर्सनी नकार दिला म्हणून स्पाची ग्रां प्री झालीच नाही. १९७९ मध्ये सर्किट निम्म्यावर आणलं तेव्हाही आत्मा गेला म्हणणारे होते. आणि आज आपण त्याच छोट्या सर्किटला जगातलं सगळ्यात सुंदर सर्किट म्हणतो.

१९९४ मध्ये इटलीतल्या इमोला सर्किटवरच्या जीवघेण्या अपघातांनंतर तुम्ही ओ रूजच्या तळाशी एका वर्षापुरतं शिकेन (वेग कमी करायला टाकलेली नागमोडी वळणं) टाकलं होतं. ते कोणालाच आवडलं नाही आणि मलाही परत नकोय. इमोलाच्या टांबुरेलो वळणामागे नदी होती, भिंत मागे सरकवता येत नव्हती, म्हणून तिथे शिकेन करावं लागलं आणि ते वळण कायमचं गेलं. पण जपानच्या सुझुकाला २००२ च्या ॲलन मॅकनिशच्या अपघातानंतर १३०आर ह्या वळणाचा आकार बदलला, रन-ऑफ वाढलं, आणि ते अजून थरारक कॉर्नर आहे. रेडियॉनच्या वर नदी नाहीये, टेकडी आहे, झाडं आहेत, माती आहे. माती हलवता येते. तुम्ही २०२२ मध्ये हलवलीत. आज भिंत हलवली नाही तर पुढच्या अपघातानंतर शिकेनचीच मागणी येईल आणि तेव्हा तिला विरोध करायला माझ्याकडे तोंड नसेल, म्हणून ज्यांना हा कॉर्नर जसाच्या तसा हवाय त्यांनी तर सगळ्यात आधी ह्या पत्राखाली सही करायला पाहिजे.

वेळेचं पण बघा. नवीन करारात २०२८ आणि २०३० ला स्पाला एफ१ नाही. एरवी दरवर्षी जुलैच्या आत सगळं उरकायची घाई असते, मोठं खोदकाम म्हटलं की हिवाळ्यातले मोजके महिने हातात. ही दोन वर्षं म्हणजे मोठ्या कामाला मिळालेली मोकळीक आहे. केमेलच्या सुरुवातीची भिंत मागे न्यायची, गरज पडली तर टेकडी कापायची, पाण्याचा निचरा नव्याने करायचा, ह्यासाठी २०२८ चा प्लॅन आत्ताच जाहीर करा. लाइटची सिस्टीम आणि पावसाचा नियम ह्यांना मात्र खोदकाम लागत नाही, त्यांना २०२८ ची वाट बघायचं काही कारण नाही, त्या दोन गोष्टी पुढच्या ज्युनियर रेसच्या आधी व्हाव्यात.

ह्यातलं काय आधीच झालंय, काय चालू आहे, काय करणार नाही आणि का करणार नाही, एवढं एकदा लिहून सगळ्यांसमोर ठेवाल का? "ह्या जागेची भिंत ह्या कारणाने हलवता येत नाही" असं उत्तर असेल तरी चालेल, कारण मग त्या कारणावर बोलता येईल. मी उत्तराची वाट बघतोय.

तुमच्या खेळावर मनापासून प्रेम करणारा,
एक प्रेक्षक